अमूर ससाण्याच्या पाठीवरचे पाच ग्रॅम

२०१२ च्या ऑक्टोबरात बानो हारालू, रामकी श्रीनिवासन, रोकोहेबी कुओत्सु आणि मुंबईचे शशांक दळवी हे चौघे निसर्गसंवर्धक नागालँडमधल्या दोयांग जलाशयाकाठी पोहोचले, तेव्हा तिथल्या मासेमारीच्या जाळ्यांत अमूर ससाणे लोंबत होते. त्या एका हंगामात एक लाख वीस हजार ते एक लाख चाळीस हजार पक्षी मारले गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्यांची चित्रफीत बाहेर आली आणि देशभर ओरड झाली. पक्षी धरायला माशांची जाळी कशी, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. दोयांगवर धरण झालं, खोऱ्यातली शेतं पाण्याखाली गेली, लोकांनी मासेमारी धरली. त्याच पाण्याकाठी दर शरदात ससाणे लाखांनी मुक्कामाला येऊ लागले. जाळं हाताशी, पक्षी डोक्यावर. कोयना-उजनीची हकिगत माहीत असलेल्या मराठी वाचकाला यातला निम्मा भाग तरी ओळखीचाच वाटेल.

पुढच्या वर्षभरात जे घडलं, त्याला माझ्या माहितीत फारशी जोड नाही. गावसभांनी शिकारबंदीचे ठराव केले, चर्चमधून सांगितलं गेलं, वनखातं आणि हारालूंची संस्था गावोगाव बसली. २०१३ च्या हंगामात दोयांगला शिकारीची नोंद नाही. त्याच नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हंगेरीच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बांधली. पक्ष्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. एक लोकांचं नाव, एक जिल्ह्याचं, एक गावाचं.

यंत्राचं वजन पाच ग्रॅम. अमूर ससाणा कबुतराएवढा, दीडशे ग्रॅमच्या आसपास. आणि पाठीवरचं ओझं अंगाच्या तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा या कामातला संकेत आहे. म्हणजे पाच ग्रॅम हे त्या मर्यादेच्या काठावरचं, किंबहुना किंचित वरचंच ओझं. एवढ्याशा जागेत सौरपट्टी, बॅटरी आणि अँटेना बसवायची, तर ते यंत्र अखंड बोलू शकत नाही. काही तास संदेश देतं, मग दीड-दोन दिवस गप्प राहून चार्ज होतं. नकाशावर दिसणारी ती डौलदार रेघ खरं तर तुटक ठिपक्यांची असते. मधली जोडणी आपण केलेली असते. बातम्यांत हे कुणी सांगत नाही.

तरी त्या ठिपक्यांनी पुष्कळ सांगितलं. हे पक्षी आग्नेय सैबेरिया आणि ईशान्य चीनमध्ये वीण करतात आणि हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेकडे जातात, हे आधीपासून ठाऊक होतं. जर्मन पक्षितज्ज्ञ बर्न्ड मेयबुर्ग यांनी २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्यूकॅसल इथे काही ससाण्यांना यंत्रं लावून वाटेचा माग काढायला सुरुवातही केली होती. नागा-पांगतीमुळे दोयांगचा मुक्काम त्या वाटेवर नेमका कुठे बसतो, ते कळलं. इथे ससाणे वाळवीवर ताव मारून चरबी साठवतात, मग भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतात आणि न उतरता सोमालियाचा किनारा गाठतात. पाण्यावर बसता न येणाऱ्या पक्ष्यासाठी ही दोन-तीन दिवसांची, रात्रंदिवस चालणारी भरारी आहे. ईशान्येकडून वाहणारे वारे पाठीशी असतात. याच सुमारास भारतातून आफ्रिकेकडे चतुरांचे थवेही समुद्र ओलांडत असावेत, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं होतं. तसं असेल तर ससाण्यांची शिदोरी त्यांच्याबरोबरच उडत असते. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सगळ्यांत देखणा वाटतो.

वोखाचे संदेश पुढे थांबले. नागा आणि पांगती २०१४ च्या शरदात दोयांगला परतले, तेव्हा गावाच्या नावाची पक्षीण आफ्रिकेला जाऊन घरी आली, या भावनेने स्वागत झालं. नावं देणं हा भावनेचा खेळ आहे, असं काही अभ्यासक नाक मुरडून म्हणतात. मला ते पटत नाही. तीन पक्ष्यांच्या प्रवासातून विज्ञानाला जेवढं मिळालं, त्याहून जास्त त्या नावांनी पक्ष्यांना मिळवून दिलं.

अर्थात नाव म्हणजे कवच नव्हे. २०१८ मध्ये मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात दोन पक्ष्यांना यंत्रं लावली आणि एकाचं नाव मणिपूर ठेवलं. सोडल्यावर थोड्याच दिवसांत तो त्याच जिल्ह्यात शिकाऱ्याचा बळी ठरला. दुसरी, तामेंगलाँग, आफ्रिका आणि चीन करून वर्षाने परत आली. २०१९ मध्ये तिथे आणखी पक्ष्यांवर यंत्रं बसली. इरांग हे त्यांतल्या एकीचं नाव तिथल्या नदीवरून आलं. त्याआधी, २०१६ मध्ये, नागालँडच्या लाँगलेंग जिल्ह्यातली लाँगलेंग ही मादीही या मालिकेत आली होती. आता हंगामाआधी तामेंगलाँगचं प्रशासन छर्‍यांच्या बंदुकांवर बंदी घालतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथूनच यंत्रं बांधलेले अपापांग, अलांग आणि आहू निघाले. अपापांग या प्रौढ नराने सहा दिवसांच्या थोड्या वर वेळात सुमारे सहा हजार शंभर किलोमीटर कापून केनिया गाठलं. क्रिकेटच्या धावफलकासारखे आकडे समाजमाध्यमांवर फिरले. त्यात पक्षी हरवून गेला. माझं लक्ष होतं अलांगकडे. तिघांतली वयाने सर्वांत लहान अशी ही मादी. ती तेलंगणात रात्रभर थांबली, महाराष्ट्रात तीनेक तास टेकली आणि मग समुद्रावर गेली. लोणावळ्याच्या पठारावर दर नोव्हेंबर-डिसेंबरात ससाण्यांचे फोटो काढणाऱ्यांना इथला मुक्काम माहीत आहे, पण तिथल्या पक्ष्यांच्या पाठीवर यंत्र नसतं. कोण किती वेळ थांबलं, काय खाऊन निघालं, याची नोंद होत नाही.

नवखा पक्षी समुद्राआधी जास्त थांबतो का? एकट्या अलांगवरून सांगता येणार नाही. प्रौढ आहूनेही वाटेत बांगलादेशात एक रात्र काढली होती. उत्तर हवं असेल तर पहिल्या वर्षाच्या आणखी पिल्लांवर यंत्रं बांधावी लागतील, आणि पिल्लं पहिल्याच प्रवासात मोठ्या संख्येने मरतात. महागडं यंत्र अशा पाठीवर घालायला कुठलाही प्रकल्पप्रमुख बिचकतो. शिवाय द्वीपकल्पातला हा टप्पा ईशान्येतल्या मुक्कामाइतका कुणी अभ्यासलेला नाही. ते काम दख्खनच्या पठारावर उभं राहूनच करावं लागेल.