पाऊस सगळ्यांनीच पाहिला होता

लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या कड्यावर उभं राहिलं की कोकण पायथ्याशी पसरलेलं दिसतं. अरबी समुद्र इथून फार लांब नाही. तरीही याच परिसरात उगम पावणारी इंद्रायणी समुद्राकडे पाठ फिरवते. देहू-आळंदी करत तुळापूरला ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून हे पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. घाटमाथ्यावर वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस असा युगानुयुगं पूर्वेकडे वाहत होता.

हा पाऊस सगळ्यांनी पाहिला होता. मावळातल्या शेतकऱ्यानं त्यावर भात पिकवला, वारकऱ्यानं इंद्रायणीला माय म्हटलं, रेल्वे झाल्यावर मुंबईकर इथे हवापालटासाठी येऊ लागले. या पावसात वीज दडलेली आहे, हे मात्र फार उशिरा कुणाच्या तरी लक्षात आलं. मुंबईतले वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांनी ही कल्पना मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी गिरणीमालक होते. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांना लागणारा कोळसा लांबून आणावा लागे आणि त्याच्या धुरानं शहर काळवंडे. कोळशाला पर्याय काय, हा प्रश्न डोक्यात असलेल्या माणसाला घाटावरच्या पाण्याची उंची दिसली.

या उंचीची करामत थक्क करणारी आहे. लोणावळ्याचं पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडलं तर ते सुमारे 525 मीटर उतरतं, नायगराच्या दहापट! तळाशी तोटीतून सुटणाऱ्या धारेचा वेग ताशी 350 किलोमीटरच्या घरात जातो. चाकाच्या कडेनं बसवलेल्या वाट्यांवर ती धार आदळते, चाक गरगरतं आणि वीज तयार होते. हिशेब करून पाहा: एवढ्या उंचीवरून उतरलेलं हजार लिटर पाणी एक युनिटहून थोडी जास्त वीज देतं. पाऊस चारच महिने, म्हणून तो वर्षभर पुरवायला लोणावळा, वळवण आणि शिरोता अशी धरणं बांधली. जमशेटजी 1904 मध्ये गेले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी काम पुढे नेलं, 8 फेब्रुवारी 1911 रोजी पायाभरणी झाली आणि 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालू लागल्या. चाकं फिरवून झाल्यावर हे पाणी कोकणातल्या पाताळगंगा नदीत उतरतं. बंगालच्या उपसागराकडे निघालेला थेंब अरबी समुद्राला मिळू लागला.

डोळ्यांसमोर असलेली गोष्ट इतरांना का दिसत नाही? 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याचं उत्तर देतो. 24 अनुभवी रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन त्यांतल्या गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 20 जणांना ते दिसलंच नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, त्यावरून कळलं की यांतल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावर जाऊन आली होती. नजर पोचली, मन पोचलं नाही. कारण मन गाठी शोधत होतं. आपण मनात जो प्रश्न घेऊन फिरतो, तोच ठरवतो की आपल्याला काय दिसणार.

मग मनाला वळण लावता येईल का? येतं, आणि त्याची रीत सोपी आहे. टोनी मॅकॅफ्री या संशोधकानं 2012 मध्ये ती तपासून दाखवली. त्याचं एक कोडं असं: दोन जड पोलादी कड्या एकमेकींना घट्ट जोडायच्या. हाताशी फक्त एक मेणबत्ती, काडी आणि पोलादाचा छोटा ठोकळा. लोक मेण वितळवून चिकटवू पाहतात, पण मेण तेवढा भार धरत नाही. उत्तर मेणबत्तीच्या पोटात आहे. ठोकळ्यानं मेण खरवडून वात बाहेर काढायची आणि तिनं कड्या बांधायच्या. ‘वात’ म्हटलं की जाळण्यापलीकडे काही सुचत नाही, ‘सुताचा पीळ’ म्हटलं की बांधणं सुचतं. मॅकॅफ्रीनं लोकांना दोनच गोष्टी विचारायला शिकवल्या: या वस्तूचे आणखी भाग पडतात का? आणि मी तिचं जे वर्णन करतोय त्यात तिचा वापर गृहीत धरलाय का? एवढ्या शिकवणीनं त्यांनी इतरांपेक्षा 67 टक्के अधिक कोडी सोडवली.

लोणावळ्याच्या पावसाला हीच कसोटी लावा. ‘भाताचं पाणी’ हे वर्णन बाजूला ठेवा. उरतं ते असं: वजनदार, उंचावर, कड्याच्या अगदी काठाशी. गिरणीचं चाक त्यातून आपोआप समोर येतं. आज पवन मावळातले शेतकरी पॉलिहाऊसमध्ये गुलाब फुलवून व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी पाठवतात. त्यांनीही ‘भाताचा मुलूख’ या ओळखीपलीकडे पाहिलं. सौम्य हवा आणि मुंबईचा विमानतळ हाकेच्या अंतरावर, ही मावळची दुसरी ओळख त्यांनी हेरली.

पण गोरिला हुशार माणसालाही चकवतो, हे विसरता येत नाही. विजेच्या याच ओघात शेजारच्या मुळशीत धरण उभं राहू लागलं, तेव्हा उंची आणि पाणी मोजणाऱ्या नजरेला आंबेमोहोराची खाचरं दिसली नाहीत. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. तरीही धरण झालं आणि गावं बुडाली.

म्हणून मनाच्या या तालमीत माझ्या मते तिसरा प्रश्न हवाच: माझ्या प्रश्नामुळे माझ्या नजरेआड कोण राहिलं? त्याचं उत्तर घरबसल्या मिळत नाही, त्या माणसालाच जाऊन विचारावं लागतं. पहिले दोन प्रश्न संधी दाखवतात. तिसरा प्रश्न विचारणाऱ्याचंच मन खऱ्या अर्थानं खुलं म्हणता येईल.