मिरचीच्या मुळाशी राहणारे मित्र

बुरशी म्हटली की आमच्या आदिलाबादचा शेतकरी धास्तावतो, आणि ते साहजिकच आहे. मर लागली की उभी मिरची डोळ्यांदेखत सुकते. पण सर्वच बुरशी वैरी नव्हे. मुळे व बुरशी यांच्या सहजीवनास जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी 1885 साली 'मायकोरायझा' हे नाव दिले. या बुरशीचे तंतू दूरच्या मातीतून स्फुरद आणून झाडास देतात व मोबदल्यात साखर घेतात. व्यवहार चोख! ट्रायकोडर्मा तर रोगट बुरशीवरच जगते. ती कुजलेल्या शेणखतात मिसळून रोपवाफ्यात घालावी. मात्र मिरचीवर मिरची, वांगी वा टोमॅटो घेऊ नये. तेच रोग पोसले जातात. मध्ये ज्वारी घ्यावी, तिच्या मुळांवर मायकोरायझा टिकून राहतो. मोहरी-कोबीच्या मुळांत तो सहसा वस्ती करीत नाही.