इंग्रजी येत नाही म्हणून ज्या वेटरवर अख्खं ब्रिटन हसलं, तो खरंतर हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेला पोरगा होता

हॉटेलचा मालक इंग्रजीत काहीतरी सांगतोय. समोरचा वेटर डोळे मोठे करून ऐकतोय. त्याला एक अक्षर कळलेलं नाही. मग तो स्पॅनिशमध्ये विचारतो, "के?" म्हणजे "काय?" आणि डोक्यात टपली खातो.

मालिका होती बीबीसीची 'फॉल्टी टॉवर्स', मालक होता जॉन क्लीज आणि वेटर मॅन्युएल. १९७५ आणि १९७९ अशा दोन सीझनमध्ये मिळून फक्त १२ भाग निघाले. तरीही २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ब्रिटनच्या १०० सर्वोत्तम टीव्ही कार्यक्रमांची यादी काढली, तेव्हा पहिला नंबर याच मालिकेचा लागला.

गंमत म्हणजे मॅन्युएल झालेल्या अँड्र्यू सॅक्सचा स्पेनशी काहीच संबंध नव्हता.

सॅक्सचा जन्म १९३० चा, बर्लिनमधला. वडील ज्यू, विम्याच्या धंद्यात. आई कॅथलिक. नाझींच्या राज्यात अशा घराचं काय होणार हे वेगळं सांगायला नको. १९३८ साली वडिलांना अटक झाली. सुदैवाने ते सुटले आणि कुटुंबाने जर्मनी सोडून लंडन गाठलं. अँड्र्यू तेव्हा ८ वर्षांचा होता. नवा देश, नवी शाळा आणि भाषा परकी. पुढे ज्या विनोदाने तो घराघरात पोचला, ती अवस्था त्याने लहानपणी स्वतः भोगली होती.

शाळा संपल्यावर तो नाटकात शिरला. लंडनच्या व्हाइटहॉल थिएटरमधल्या ब्रायन रिक्सच्या फार्सनी त्याला धावणं, पडणं, आपटणं आणि अचूक वेळेवर दार उघडणं शिकवलं. पण हिरो होण्याचा चेहरा नव्हता. म्हणून तो झाला कॅरेक्टर ॲक्टर. म्हणजे ज्याचं काम लक्षात राहतं, पण नाव पटकन आठवत नाही.

क्लीजने मॅन्युएलची भूमिका दिली तेव्हा सॅक्सने विचारलं, वेटर जर्मन केला तर? स्पॅनिश ढंगाचं इंग्रजी जमेल याची त्याला खात्री नव्हती. पण वेटर स्पॅनिशच राहिला.

मार मात्र खरा बसला. एका भागात क्लीजच्या हातातलं पॅन त्याच्या डोक्यात जोरात बसलं. दुसऱ्या भागात आगीतून बाहेर येताना कपड्यांतून धूर निघावा म्हणून कोटाला रसायन लावलं होतं. ते आत झिरपलं आणि कातडी भाजली.

आता प्रश्न असा, की परदेशी माणसाच्या तोडक्या इंग्रजीवर हसणं कितपत बरं? स्पेनमध्ये मालिका डब झाली, तेव्हा तिथल्यांनी वेटरला चक्क इटालियन करून टाकलं. आजही या पात्रावर वाद होतो. पण मालिका नीट पाहिली तर खरा मूर्ख कोण हे कळतं. स्वस्तात मिळतो म्हणून नोकर ठेवायचा, त्याला काहीही शिकवायचं नाही आणि चुकला की बडवायचं, असा तो मालक आहे. मॅन्युएल बिचारा जीव तोडून काम करतो. सॅक्सने त्याला कधीच लबाड किंवा आळशी होऊ दिलं नाही, म्हणूनच लोकांनी त्याच्यावर जीव लावला.

टीव्हीवरचा हा चेहरा रेडिओवर मात्र वेगळाच माणूस होता. १९७८ मध्ये सॅक्सने बीबीसी रेडिओ ३ साठी 'द रिव्हेंज' हे नाटक लिहिलं आणि त्यात स्वतःच काम केलं. त्यात एकही संवाद नाही! पावलं, धाप, पाणी, दारं एवढ्या आवाजांवर अख्खी गोष्ट. रेडिओ म्हणजे बोलणं, हे समीकरणच त्याने मोडलं.

पुढे रेडिओवर त्याने चेस्टरटनचा फादर ब्राउन केला. २००२ पासून बीबीसी रेडिओ ४ वर क्लाइव्ह मेरिसनच्या शेरलॉक होम्ससोबत तो डॉक्टर वॉटसन झाला. शिवाय असंख्य माहितीपटांना आणि ऑडिओबुक्सना आवाज दिला. ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून लोक हसले, त्याच माणसाचं स्वच्छ इंग्रजी ते वर्षानुवर्षं ऐकत होते. अनेकांना तर पत्ताही नव्हता की हा आपला मॅन्युएल आहे.

२००९ मध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट' या गाजलेल्या मालिकेतही तो दिसला. २०१२ मध्ये त्याला व्हॅस्क्युलर डिमेन्शियाचं निदान झालं. या आजारात मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. हळूहळू त्याचं बोलणंही गेलं. २३ नोव्हेंबर २०१६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी तो गेला. अंत्यसंस्कार उरकल्यावरच जगाला बातमी कळली.

त्याच्या आत्मचरित्राचं नाव मॅन्युएलच्याच तोंडच्या वाक्यावरून ठेवलेलं आहे. मराठीत त्याचा अर्थ होतो, 'मला काहीच माहीत नाही'.