संगणक नवा घ्यावा की रिफर्बिश्ड?

विहारातील अभ्यासिकेसाठी संगणक घ्यायचे, असा ठराव बैठकीत मंजूर व्हायला पाच मिनिटे लागतात. हात वर होतात, टाळ्या पडतात. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. जमलेला निधी मर्यादित, विद्यार्थी पुष्कळ, आणि बाजारात एकाच कामाचे दोन भाव. एका दुकानात कोरा करकरीत संगणक, तर शेजारच्याच दुकानात निम्म्याहून कमी किमतीत ‘रिफर्बिश्ड’. घ्यावे काय? या प्रश्नाचा विचार सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी नीट करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आज संगणक ही चैन राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. एमएचटी-सीईटी संगणकावर द्यावी लागते आणि बँकांच्या भरतीची परीक्षाही. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचे प्रमाणपत्र लागते. मोबाईलवर अंगठा चालवून हा वेग येत नाही, त्यासाठी कळफलकावर दहाही बोटे रोज बसवावी लागतात. ज्याच्या घरी संगणक नाही तो परीक्षेच्या दिवशी प्रथमच माऊस हातात धरतो, आणि उत्तर येत असूनही वेळेत मागे पडतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही दोन जुने संगणक घेतले होते. ओळखीतून आलेला विक्रेता, भाव स्वस्त, वरून पेटी पुसूनपासून चकचकीत. पावती मागितली तर ‘तुमच्याकडून काय जास्त घ्यायचे?’ असे गोड उत्तर मिळाले. आम्हीही गप्प बसलो. पहिल्याच पावसाळ्यात एकाचा वीजपुरवठा जळाला. दुसरा सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे घेऊ लागला. विक्रेत्याचा फोन लागेना, आणि तक्रार करायला हातात कागद नव्हता.

वार्षिक सभेत हिशेब वाचला गेला तेव्हा धुणीभांडी करून दरमहा पन्नास रुपये न चुकता देणाऱ्या एका ताई उठल्या आणि एवढेच म्हणाल्या, “संगणक घेतले म्हणता, पण माझा मुलगा तर अजून सायबर कॅफेतच जातो.” त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. बँकेत रोज दुसऱ्यांच्या पैशाची पै-पै जुळवणाऱ्या आमच्यासारख्यांनी दानाच्या पैशाची पावतीसुद्धा घेऊ नये, ही गोष्ट आजही मनाला टोचते. पुढील विवेचन त्या धड्यातूनच आले आहे.

रिफर्बिश्ड म्हणजे काय?

सेकंडहँड आणि रिफर्बिश्ड हे एकच, असा समज आहे. तो बरोबर नाही. सेकंडहँड म्हणजे जसा आहे तसा. रिफर्बिश्ड म्हणजे वापरलेले यंत्र उघडून, साफ करून, खराब भाग बदलून, तपासून पुन्हा विकायला ठेवलेले. मोठ्या कंपन्या व कार्यालये शेकड्यांनी संगणक घेतात किंवा भाड्याने आणतात आणि तीन ते पाच वर्षांनी सगळे एकदम बदलतात. तेच नंतर बाजारात येतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क व एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर ही नावे त्यामुळेच रिफर्बिश्डच्या दुकानांत वारंवार दिसतात.

चालू स्थितीतले यंत्र ते स्वस्तात का सोडतात? उत्तर हिशेबात आहे. आयकराच्या हिशेबात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात. म्हणजे ३६,००० रुपयांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर पुस्तकात २१,६००, दुसऱ्या वर्षी १२,९६० आणि तिसऱ्या वर्षी ७,७७६ रुपयांचे उरते. पुस्तकातली किंमत उतरली म्हणून यंत्राची ताकद त्या प्रमाणात उतरत नाही. रिफर्बिश्डचा फायदा आहे तो याच फरकात. पण हे खरे केव्हा? आतले यंत्र पुरेसे अलीकडचे असेल तेव्हाच.

पिढी ओळखा

विक्रेता सांगतो, “साहेब, आय-फाइव्ह आहे.” एवढ्यावर भुलू नये. इंटेलचा आय-फाइव्ह २००९ पासून विकला जात आहे. तेव्हाचा आणि आताचा यांच्यात बैलगाडी आणि मोटारीइतका फरक आहे. पुढचा आकडा पाहावा. ‘आय-फाइव्ह ८५००’ असेल तर पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. ‘आय-फाइव्ह १०४००’ असेल तर पहिले दोन आकडे, म्हणजे दहावी.

आठव्या पिढीला महत्त्व का? मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. त्यापुढच्या विंडोज ११ साठी कंपनीच्या अटींप्रमाणे सर्वसाधारणपणे इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी, तसेच टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०१७ च्या अखेरीस आले. तेव्हा सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र अगदी मातीमोल मिळाले, तरी ते स्वस्त का, हे लक्षात घ्यावे. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली आणि लिबरऑफिस घालून टंकलेखन, वाचन, अर्ज भरणे ही कामे होतात. पण विंडोजवर चालणारेच सॉफ्टवेअर लागणार असेल तर तो मार्ग नाही.

विंडोज असेल तर परवाना अस्सल आहे ना, हे ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲक्टिव्हेशन’खाली पाहावे. चोरून चालू केलेली प्रणाली संस्थेच्या संगणकात नसावी. त्यातून व्हायरस येतो हे एक, आणि पंचशील घेणाऱ्यांनी चोरीचा माल विहारात ठेवू नये हे दुसरे.

नव्याचेही पाय मातीचे

नवे म्हणजे चांगलेच, हाही भ्रम. किंमत खाली आणण्यासाठी काही नव्या संगणकांत दुबळा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क घातलेली असते. अशा नव्यापेक्षा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला रिफर्बिश्ड कितीतरी चपळ चालतो. संगणक रेंगाळतो तो बहुधा हार्ड डिस्कमुळे. म्हणून नवा असो वा जुना, एसएसडी आणि किमान ८ जीबी रॅम ही अट सोडू नये.

नव्याचे खरे बळ तीन गोष्टींत आहे. एक, एक ते तीन वर्षांची कंपनीची हमी. दोन, पुढील अनेक वर्षे नव्या प्रणालीचा आधार. तीन, त्याच पैशात मिळणारी पुढच्या पिढीची ताकद. बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री सर्वसाधारण कामात आठव्या पिढीच्या आय-फाइव्हला मागे टाकतो.

हिशेब मांडून पाहू

बाजारभाव सतत बदलतात, तेव्हा पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरावेत. समजा मॉनिटरसह नवा संगणक ३६,००० रुपयांना आणि रिफर्बिश्ड १६,००० रुपयांना पडतो. नवा सहा वर्षे चालला तर वर्षाला ६,००० रुपये. रिफर्बिश्डवर दुरुस्तीचे २,००० धरले आणि तो तीन वर्षे चालला, तर १८,००० भागिले ३, म्हणजे तेवढेच ६,०००. चार वर्षे चालला तर ४,५००. आणि दोनच वर्षांत बंद पडला तर ९,०००! म्हणजे रिफर्बिश्ड तीन वर्षांहून अधिक टिकला तरच स्वस्त. ‘निम्म्या किमतीत’ या शब्दांना एरवी अर्थ नाही.

परंतु संस्थेला आणखी एक हिशेब करावा लागतो. समजा निधी १,२०,००० रुपये, विद्यार्थी २४ आणि अभ्यासिका संध्याकाळी सहा ते दहा, म्हणजे चार तास. नवे तीन घेतले तर १,०८,००० संपतात. रोजचे बारा संगणक-तास मिळतात, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला अर्धा तास. रिफर्बिश्ड सहा घेतले तर ९६,००० लागतात, चोवीस तास मिळतात आणि प्रत्येकाला पूर्ण एक तास. टंकलेखनाच्या सरावात अर्धा तास आणि एक तास यांत नापास आणि पास इतके अंतर पडू शकते.

‘दुसऱ्यांनी टाकलेले आम्ही का घ्यावे?’

हा प्रश्न आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उतरलेले कपडे आणि शिळे तुकडे यांचा इतिहास आपल्या घराघरांत आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि फेकलेले तुकडे सोडा, असे समाजाला बजावले होते. मग आपल्या मुलांनी कंपन्यांनी टाकलेल्या यंत्रांवर का शिकावे?

आम्ही यावर बराच विचार केला. फेकलेले उचलणे आणि पारखून विकत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूयॉर्कला शिकत असताना स्वतः बाबासाहेब जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळत, आणि तेथे त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली, असे चरित्रकार सांगतात. पुस्तक जुने होते म्हणून त्यातले ज्ञान उतरलेले नव्हते, कारण ते त्यांनी स्वतः निवडून, दाम मोजून घेतले होते. तेव्हा कमीपणा जुने घेण्यात नाही. न तपासता, न विचारता, ‘आपल्याला काय, चालेल’ म्हणून घेण्यात आहे. या नियमाने कोणी दान म्हणून मोडकी यंत्रे देऊ केली, तरी ती तपासूनच घ्यावीत आणि निरुपयोगी असतील तर नम्रपणे नाकारावीत.

घेताना काय तपासावे?

१. जीएसटीची पक्की पावती, तीवर यंत्राचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत लेखी. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे किती दिवस, हे विचारावे. कागद नसेल तर ग्राहक आयोगाकडे जाणार कशाच्या आधारावर?

२. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून यंत्राचे मूळ वय पाहावे.

३. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवून विंडोज ११ चालेल का, ते समोर पाहावे.

४. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत साधनाने डिस्कची प्रकृती व चाललेले तास दिसतात. कार्यालयात रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, अशी पाच वर्षे म्हणजे १२,००० तास होतात. जुनी डिस्क घेण्यापेक्षा नवी एसएसडी बसवून मागावी.

५. सुरू करताना बायोसचा पासवर्ड मागितला किंवा एखाद्या कंपनीचे नाव येऊन लॉगिन विचारले, तर ते यंत्र घेऊ नये.

६. शक्यतो मोठी, टॉवर पद्धतीची पेटी घ्यावी. लहान पेटीच्या ब्रँडेड यंत्रांत वीजपुरवठा व मदरबोर्ड बहुधा खास मापाचे असतात, बाजारातला साधा भाग बसत नाही.

७. अर्धा तास चालू ठेवून पंख्याचा आवाज, सर्व यूएसबी खाचा, आवाज आणि नेट तपासावे. तारीख-वेळ मागे जात असेल तर सीआर २०३२ हा छोटा सेल बदलावा, तो किरकोळ खर्च आहे.

८. कळफलक व माऊस मात्र नवेच घ्यावेत. झिजलेल्या अक्षरांवर टंकलेखन शिकवू नये.

मुंबईच्या सभासदांना लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, परिचित आहेच. तेथे जावे, पण एकट्याने जाऊ नये. तिघांनी जावे आणि तीन दुकानांची लेखी भावपत्रके आणून बैठकीत ठेवावीत. त्याआधी विहारातील वायरिंग व अर्थिंग तपासून घ्यावे. आमचा पहिला संगणक जळाला त्यात अर्थिंगचा दोष होता की यंत्राचा, हे आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही, कारण आम्ही ते तपासलेच नव्हते.

यंत्र निकामी झाल्यावर ते भंगारवाल्याला देऊ नये. तारा जाळून तांबे काढणारे आणि तो धूर छातीत घेणारे हात गरिबांचेच असतात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यानुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच ते द्यावे.

मग निर्णय काय?

घरी एकच संगणक घ्यायचा आहे, दुरुस्ती जाणणारा जवळ नाही आणि मुलगा अभियांत्रिकीला निघाला आहे, तर थोडे थांबून, पैसे साठवून नवा घ्यावा. टंकलेखन, अर्ज, अभ्यास आणि सराव परीक्षा एवढेच काम असेल, तर वर्षभराच्या लेखी हमीचा, आठव्या किंवा पुढच्या पिढीचा रिफर्बिश्ड पुरे.

संस्थेसाठी मात्र आम्हाला मध्यम मार्ग योग्य वाटतो. वरच्याच उदाहरणात हिशेब व अर्जांसाठी एक नवा आणि विद्यार्थ्यांसाठी चार रिफर्बिश्ड घेतले, तर १,००,००० रुपये होतात. पाचही संगणक धरले तर प्रत्येक विद्यार्थ्याला रोज पन्नास मिनिटे मिळतात, आणि अर्थिंग, यूपीएस व दुरुस्तीसाठी २०,००० हाताशी उरतात. ही राखीव रक्कम खर्चून टाकण्याचा मोह टाळावा. हत्ती घेणे सोपे, पोसणे अवघड.

शेवटी एक सूचना. प्रत्येक संगणकाची पावती, हमीपत्र आणि दुरुस्तीची नोंद एका वहीत ठेवावी आणि ती वही अभ्यासिकेत टेबलावर असावी, कपाटात नव्हे. पन्नास रुपये देणाऱ्या ताईंना ती कधीही उघडता आली पाहिजे. त्यांच्या प्रश्नाला यापुढे आम्ही तोंडाने उत्तर देणार नाही. वही दाखवू, आणि संगणकासमोर बसलेला त्यांचा मुलगा दाखवू.

जय भीम! नमो बुद्धाय!