पाणी धारेला तारतं, नटाला खातं!

कैऱ्या बाजारात आल्या की आमच्या बचत गटात लोणच्याची घाई सुरू होते. विळ्या, सुऱ्या, कैऱ्या फोडायचे मोठे अडकित्ते, सगळ्यांना धार हवी असते. पूर्वी सायकलवर दगड बसवलेला धारवाला दारात यायचा. आता तो फारसा फिरकत नाही, म्हणून गटानेच पाण्यावर चालणारं धार लावायचं यंत्र घेतलं.

यंत्र मोठं गुणी. विजेवरचा कोरडा दगड मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेतो, हा जेमतेम शंभरेक. त्याचा खालचा भाग पाण्याच्या पन्हाळीत बुडलेला असतो, त्यामुळे ठिणग्या उडत नाहीत आणि पातं तापत नाही. लोहाराने पात्याला दिलेलं 'पाणी' जास्त तापलं की उतरतं, पातं निळसर पडतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. ओल्या दगडावर ती भीती नाही.

पण मैत्रिणींनो, जे पाणी पात्याला सांभाळतं, तेच यंत्राला खातं! ऐन हंगामाच्या तोंडावर आम्हाला हे कळलं. दगड झिजला होता, नवा आणून ठेवला होता. पण नट काही केल्या सुटेना. ओळखीच्या एका मिस्त्रीने हातोडी मारली. नट सुटला, पण दांडा वाकला. यंत्र तीन आठवडे दुरुस्तीला गेलं. बोथट अडकित्त्यांनी कैऱ्या चेंगरल्या, दोन मोठ्या ऑर्डरी हातच्या गेल्या. गटातल्या बायकांचे शाळेच्या फीचे पैसे त्यावर अवलंबून होते हो!

नट अडकतो का? दगडातून झिरपणारं पाणी दांड्यावर आणि नटाच्या आट्यांत जाऊन बसतं. तिथे गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे एकमेकांत गच्च रुतून बसतात. त्यात दगडाचा आणि लोखंडाचा बारीक गाळ भरला, मग तर विचारूच नका.

उपाय मात्र अगदी घरगुती आहे. काम संपलं की पन्हाळी रिकामी करायची आणि दगड दोन-तीन मिनिटं नुसताच फिरू द्यायचा, म्हणजे पाणी निथळतं. दगड पाण्यात बुडवून ठेवून दिला तर एकाच बाजूने जड होतो आणि पुढच्या वेळी हिसके देत फिरतो. पन्हाळीतला गाळ मोरीत ओतू नका, तुंबते. निवळू द्या आणि कागदात गुंडाळून टाका.

वर्षातून दोनदा नट आणि दगड काढून दांडा कोरड्या फडक्याने पुसायचा. त्याला आणि आट्यांना पाण्याने धुऊन न जाणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यायचा. असं ग्रीस गॅरेजमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात मागा. दगडाला मात्र ते लागू देऊ नका, तेलकट दगड पाणी पीत नाही. परत बसवताना नट हातानेच आवळा. जोर लावायला पाना घेतलात की पुढच्या वेळी रडायची पाळी आली म्हणून समजा.

आणि तरीही अडकलाच तर?

• आधी प्लग काढा. हात आणि जागा कोरडी करा.

• आट्यांची दिशा पाहा. सायकलच्या डाव्या पायडलसारखे इथेही उलटे आटे असू शकतात. बहुतेक यंत्रांत दगड ज्या दिशेला फिरतो, त्याच दिशेला नट फिरवला की सुटतो. यंत्राबरोबरचं माहितीपत्रक जरूर पाहा. उलटीकडे जोर लावाल तर तो आणखी आवळेल.

• गंज सोडवायचं तेल फक्त आट्यांवर सोडा आणि रात्रभर राहू द्या. दगडावर जुनं फडकं गुंडाळा.

• सकाळी एकीने दगड घट्ट धरायचा, दुसरीने नटाला बसेल असाच पाना लावायचा. हातोडी नको, तेलाजवळ ज्योत तर नकोच. दगडाला तडा दिसला तर तो पुन्हा बसवू नका.

आम्ही आता दोन दिवस ठरवून टाकलेत. लोणच्याच्या हंगामाआधी गुढीपाडवा आणि पावसाळा सरल्यावर दसरा. दसऱ्याला यंत्राची पूजा आपण करतोच. पण आधी नट सोडायचा, दांडा पुसायचा, ग्रीस लावायचं, मगच हळदकुंकू. गेल्या खेपेला नट चिमटीत धरून फिरवला आणि सहज सुटला. गटातल्या सगळ्यात वयस्कर काकू म्हणाल्या, "बघा, पूजा पावली!"