मान्य करणे आणि भरवसा टाकणे

ख्रिस्ती धर्माविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'त्यांचा विश्वास कशावर असतो?' इंदापूर-बारामतीकडचे माझे विद्यार्थीही वर्गात हेच विचारतात. मी ख्रिस्ती नाही. बौद्ध घरातला, घराण्यातला पहिला पदवीधर. परंतु धर्मांतर हा ज्या समाजाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न झाला, त्या समाजाने मान्यता आणि श्रद्धा यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे, असे मला वाटते.

इंग्रजीत बिलीफ आणि फेथ असे दोन शब्द आहेत. एखादे विधान खरे आहे असे मनाने मान्य करणे, ही बिलीफ. कोणावर तरी भरवसा टाकून त्याप्रमाणे पाऊल उचलणे, ही फेथ. मराठी बायबलात दोन्हींसाठी बहुधा 'विश्वास' हाच शब्द येतो. हा भाषांतरकारांचा दोष नव्हे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतही 'पिस्तिस' हे नाम आणि 'विश्वास ठेवणे' याअर्थीचे क्रियापद एकाच धातूपासून आले आहे. त्यामागचा हिब्रू शब्द 'एमूना'. आपल्या ओळखीचा 'आमेन' त्याच धातूचा. पक्के असणे, कसोटीला टिकणे, हा त्याचा मूळ भाव.

आपल्या भागातला दाखला घ्या. नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात शेवटाकडे जाते. आवर्तन सुटणार, हे टेलचा शेतकरी ऐकतो आणि मान्यही करतो. ही झाली मान्यता. पण त्या भरवशावर तो उसनवारीने आणलेले बी जमिनीत टाकतो, तेव्हा त्याने स्वतःचे वर्ष पणाला लावलेले असते. श्रद्धा ती.

ख्रिस्ती इतिहासात मान्यतेच्या याद्या पुढे तयार झाल्या. येशू कोण, यावर वाद माजला, तेव्हा इ. स. 325 मध्ये नायसिया येथे धर्मपरिषद भरली आणि तिने मतांगीकाराचा मसुदा ठरविला. तोंडाने तो म्हणणे ही अनेक चर्चमध्ये उपासनेची रीत झाली. उलट, विसाव्या शतकाच्या आरंभी बारामतीला मिशनकार्य सुरू करणाऱ्या ऑस्ट्रेलियन चर्चेस ऑफ ख्राईस्टची परंपरा असा कोणताही मसुदा बंधनकारक मानीत नाही. येशू हाच ख्रिस्त एवढी कबुली आणि जाणत्या वयात पाण्यात बुडवून घेतलेला बाप्तिस्मा, एवढेच ती मागते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांचे मुक्ती मिशन शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला आहे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु तिथल्या धर्मगुरूंची सगळी मते त्यांनी निमूटपणे स्वीकारली नाहीत. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडाखाली जाण्यास त्या तयार नव्हत्या. पुढे 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले की, बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता. ख्रिस्त मिळाला तो सुमारे आठ वर्षांनी. मान्यता आणि श्रद्धा यांमधले हे अंतर एका बुद्धिमान स्त्रीने स्वतः चालून मोजले आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचावा. देव एक आहे हे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे तो तिथे बजावतो. म्हणजे नुसत्या मान्यतेची किंमत एवढीच! पण हा अध्याय सुरू कुठून होतो? सभेत सोन्याची अंगठी घातलेला येतो, त्याला मानाची जागा मिळते. मळक्या कपड्यातल्या गरिबाला मात्र उभे राहा, नाहीतर पायाशी बस, असे सांगितले जाते. याकोबाचा संताप या बैठकव्यवस्थेवर आहे. श्रद्धेची परीक्षा तो शेजारी कोण बसतो यावर घेतो. या देशातल्या चर्चमध्येही जात शिरली, निराळी बाके आणि निराळ्या दफनभूमी झाल्या. मतांगीकार बिनचूक म्हणणारे लोकच तिथे होते.

सरकारची कसोटीही तोंडाच्या कबुलीचीच आहे. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा सांगितलेल्या धर्माशी बांधला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला; ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाही. त्याने कोणता धर्म सांगितला, हे कागद विचारतो. जात मात्र त्याचे मत विचारीत नाही, श्रद्धाही विचारीत नाही. ती त्याचे आडनाव आणि वस्ती विचारते.

हा प्रश्न ख्रिस्ती बांधवांपुरता ठेवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. 1956 मध्ये बाबासाहेबांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या धम्मात डोळे झाकून मानण्याला जागा नाही, हे खरे. परंतु प्रतिज्ञा पाठ म्हणणारा आपला सुशिक्षित माणूस मांग, चांभार, ढोर यांच्या घरी सोयरीक करायला तयार आहे काय? तोवर त्याच्या प्रतिज्ञा तोंडातच राहिल्या, असे समजावे.