सजवलेला बंगला का विकला जात नाही?

मावळ-लोणावळ्यात सेकंड होम विकायला काढणाऱ्यांसाठी

पाऊस सरला, दिवाळी झाली की लोणावळ्यात घर विकणाऱ्यांची लगबग सुरू होते. रंगारी येतो, जुने सोफे टेम्पोत जातात, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या मांडल्या जातात, ड्रोन उडवून फोटो काढले जातात. विकण्यापूर्वी घर असे नटवून दाखवण्याला 'होम स्टेजिंग' म्हणतात आणि आता त्याची पॅकेजेसही मिळतात. त्याचा फायदा होतो, यात शंका नाही. तरीही तुंगार्लीपासून कामशेतपर्यंत असे बंगले दिसतात, जे फोटोत झकास असतात आणि हंगामामागून हंगाम विक्रीलाच राहतात.

याचे कारण इथल्या ग्राहकात आहे. पिंपरीत किंवा ठाण्यात घर घेणाऱ्याला राहायला जागा हवी असते. मुलांची शाळा, भाड्याचा करार, लग्न अशी काही निकड असते. लोणावळ्यात घर घेणाऱ्याला कसलीच निकड नसते. त्याला घर आवडते, पण त्याच्यावाचून त्याचे अडत नाही. त्यामुळे मनात बारीकशी शंका आली तरी तो घासाघीस करत बसत नाही. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो आणि गाडीला स्टार्टर मारतो. सजावटीने हौस वाढते, शंका मात्र तशीच राहते. म्हणून विकणाऱ्याने आधी शंका शोधावी, पडदे नंतर निवडावेत.

आधी निदान: घोडे कुठे अडते?

घर विकले जात नाही ही एकच तक्रार असली, तरी व्यवहार तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर अडतो आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे.

पहिला टप्पा: फोनच येत नाहीत. जाहिरात आहे, फोटो चांगले आहेत, एजंटांना निरोप गेलेत. पण विचारणा नाही. इथे बहुतेक वेळा भाव चुकलेला असतो.

दुसरा टप्पा: लोक येतात, चहा घेतात, 'छान आहे' म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. फोटोत न दिसलेले काहीतरी त्यांना प्रत्यक्षात दिसलेले असते. ओल, पाणी किंवा रस्ता यांपैकी एक.

तिसरा टप्पा: लोक दुसऱ्यांदा येतात, भावावर बोलणी होतात, टोकनची तारीखही ठरते आणि मग फोन उचलणे बंद होते. हा कागदांचा मामला आहे.

सजावटीचे काम पहिल्या टप्प्यावर थोडे आणि दुसऱ्यावर अर्धेमुर्धे होते. तिसऱ्यावर ती काहीच करू शकत नाही.

भाव: मागितलेला आणि मिळालेला

विकणारा भाव कसा ठरवतो? शेजारच्या बंगल्याचा मालक किती मागतो ते ऐकतो, त्यात आपल्या इंटिरियरचा खर्च मिळवतो आणि खोपोली-कुसगाव 'मिसिंग लिंक' रस्त्याच्या नावाने आणखी थोडे चढवतो. पण शेजाऱ्याने मागितलेला भाव म्हणजे शेजाऱ्याला मिळालेला भाव नव्हे. करोनानंतर सेकंड होमची मागणी वाढली तेव्हाचे ऐकीव आकडे अजूनही अनेकांच्या डोक्यात घर करून आहेत.

खरा आकडा नोंदणी कार्यालयात असतो. नोंदवलेल्या प्रत्येक खरेदीखताची सूची क्रमांक २, म्हणजे बोलीभाषेतला 'इंडेक्स टू', नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर पाहता येते. आपल्याच स्कीममधले किंवा सर्व्हे नंबरमधले अलीकडचे व्यवहार काढून पाहिले की डोळे उघडतात. ग्राहकाचा वकील हेच आकडे काढणार असतो; ते आपल्याला आधी ठाऊक असलेले बरे.

भाव खाली आणताना रेडीरेकनरवर, म्हणजे सरकारी मूल्यदरावर, नजर ठेवावी लागते. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनरची किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागते. शिवाय रेडीरेकनरची किंमत करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वर असेल, तर प्राप्तिकर खाते विकणाऱ्याचा नफा रेडीरेकनरच्या किमतीवर मोजते आणि घेणाऱ्याच्या हातीही तो फरक उत्पन्न म्हणून धरते.

भांडवली नफ्याचा हिशोबही आधीच करावा. घर दोन वर्षांहून जास्त काळ ताब्यात असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के, यांत जो कर कमी बसेल तो भरता येतो. परदेशस्थ भारतीयाला हा पर्याय नाही. शिवाय त्याच्याकडून घर घेणाऱ्याला बराच जास्त टीडीएस कापावा लागतो. मालक न्यू जर्सीत आणि बंगला खंडाळ्यात, असे असेल तर सीएला आधी गाठावे.

ओल: नव्या रंगामागे काय आहे?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात जेमतेम सातशेच्या आसपास. घाटमाथ्यापासून पूर्वेला वडगाव-तळेगावकडे यावे तसा तो झपाट्याने उतरतो. म्हणून तळेगावात चालणारे बांधकाम लोणावळ्यात चालेलच असे नाही.

इथे पाणी वरून पडते तसे आडवेही येते. पश्चिमेकडून येणारी झड भिंतीवर दिवसेंदिवस आपटत राहते आणि खिडकीच्या चौकटीच्या फटीतून आत उतरते. सपाट गच्चीवर पाणी साचते. भातखाचरात भराव घालून पाडलेल्या प्लॉटवर पाणी खालून चढते, कारण खाचराची जागाच मुळी पाणी धरून ठेवण्यासाठी बांधलेली. त्यातच सेकंड होम सोमवार ते शुक्रवार बंद. वारा खेळत नाही, बुरशी मात्र वाढते.

जाणता ग्राहक हे कसे तपासतो ते पाहा. तो हॉलमधल्या झुंबराकडे बघत नाही. थेट पश्चिमेच्या बेडरूममध्ये जाऊन कपाट उघडतो आणि वास घेतो. पलंग थोडा पुढे ओढून मागची भिंत तळहाताने चाचपतो. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत रंगाला फुगवटे आलेत का, पोपड्याखाली पांढरा लोणा दिसतो का, हे बघतो. जिन्याखालची जागा, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, गच्चीकडे जाणाऱ्या दाराचा खालचा कोपरा, ही त्याची पुढची ठिकाणे. एकाच खोलीतली एकच भिंत नव्याने रंगवलेली दिसली की त्याचा संशय पक्का होतो.

वॉटरप्रूफिंग कोरड्या दिवसांत करावे लागते आणि त्याची परीक्षा पावसाळ्यातच होते. ऑक्टोबरात काम उरकून नोव्हेंबरात घर दाखवणाऱ्याला ते टिकले याचा पुरावा देता येत नाही. त्यापेक्षा फेब्रुवारी ते मे दरम्यान गच्ची, चौकटी आणि गटारांचे उतार नीट करून घ्यावेत. जुलैच्या ऐन पावसात त्याच भिंतींचे व्हिडिओ काढून ठेवावेत. कंत्राटदाराचे बिल आणि हमीपत्र जपावे. मग दिवाळीनंतर घर बाजारात आणावे. घराची खात्री असेल, तर ग्राहकाला भर पावसातच बोलवावे. त्या दिवसांत कोरडी राहिलेली भिंत कुठल्याही चित्रापेक्षा जास्त बोलते.

ओल मुळात काढता येणार नसेल, तर लपवू नये. दुरुस्तीचा अंदाज लेखी घेऊन तेवढी रक्कम भावातून वजा करावी. सांगितलेला दोष घासाघिशीत संपतो. ग्राहकाला सापडलेला दोष विश्वासच संपवतो.

पाणी आणि रस्ता

इतका पाऊस पडूनही उंचावरच्या अनेक बंगल्यांना एप्रिल-मेमध्ये पाण्याची ददात असते. डोंगरावरचे पाणी थांबत नाही. ग्राहक विचारतो ते प्रश्न ठरलेले: नगरपरिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, बोअरला मेमध्ये पाणी असते का, टँकर दारापर्यंत येतो का? उत्तर तोंडी देण्यापेक्षा पाणीपट्टीची पावती पुढे ठेवावी.

रस्त्याचा प्रश्न अधिक नाजूक असतो. बंगल्यापर्यंत डांबर आहे म्हणजे रस्ता कायदेशीर आहे असे नाही. शेवटचा तुकडा बऱ्याचदा कोणाच्या तरी मालकीच्या जमिनीतून जातो आणि वर्षानुवर्षे वहिवाटीने वापरला जातो. मूळ मालकाने उद्या तार मारली तर? नकाशात रस्ता दाखवलेला असणे किंवा रस्त्याचा हक्क खरेदीखतात स्पष्ट लिहिलेला असणे, यातच सुरक्षितता आहे. तसे नसेल तर जमीनमालकाशी बोलून नोंदणीकृत हक्कपत्र करून घेण्यावर केलेला खर्च स्विमिंग पूलच्या नव्या टाइल्सपेक्षा कितीतरी कामी येतो.

कागद: व्यवहार इथेच मोडतात

ग्राहकाचा वकील साधारण तीस वर्षांचा सर्च घेतो आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. त्याला जे सापडेल ते आपल्याला आधी सापडायला हवे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. तो काढून घेऊन शांतपणे वाचावा.

*भूधारणा.* 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल, तर जमीन बंधनाची आहे. ती विकण्याआधी सक्षम महसुली अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुधा नजराणा लागतो.

*इतर हक्क.* या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा किंवा वनविभागाचा शेरा असू शकतो. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचा शेरा घाटमाथ्याच्या डोंगराळ जमिनींबाबत विशेष तपासावा लागतो. फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिलेला असणे ही तर नेहमीची गोष्ट. बँकेचा दाखला देऊन तो उतरवता येतो.

*शेतजमीन की बिनशेती.* १९४८ च्या कूळकायद्यातील कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. बंगला कितीही देखणा असला, तरी त्याखालची जमीन शेतीचीच असेल, तर मुंबईचा बहुतांश ग्राहकवर्ग आपोआप बाद होतो. उरतात ते शेतकरी दाखला असलेले मोजके लोक. बिनशेती आदेश हाती असेल तर त्याची प्रत जाहिरातीच्या फायलीत सर्वांत वर ठेवावी.

*सामाईक सातबारा.* मावळात हे दुखणे जुने आहे. दोन-तीन गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकले गेले, खरेदीखते झाली. पण सातबारा एकच आणि त्यावर नावांची रांग. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. ते चौरस फूट जमिनीवर नेमके कुठे आहेत, ते कागद सांगत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची अडचणही इथेच येते. या कायद्यात २०२५ मध्ये निवासी भागातल्या जुन्या तुकड्यांना दिलासा देण्याच्या हालचाली झाल्या. आपला प्लॉट त्यात बसतो का, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. शक्य असेल तिथे वडगावच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी कायम करून घ्याव्यात.

*बहिणींच्या सह्या.* जमीन मूळ शेतकरी कुटुंबाकडून घेतली असेल, तर त्या वेळी घरातल्या मुलींच्या सह्या घेतल्या होत्या का? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला. राहून गेलेली सही नंतर दावा होऊन समोर येते. तिचे हक्कसोडपत्र किंवा संमतीपत्र मिळवणे शक्य असेल, तर ते घर बाजारात आणण्यापूर्वीच मिळवावे. आपल्या स्वतःच्या घरातही वारस नोंद राहिली असेल, तर फेरफारासाठी हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस असते. त्यामुळे ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

*बांधकाम.* ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीचा उतारा. त्याने बांधकाम कायदेशीर ठरत नाही. लोणावळा हद्दीत नगरपरिषदेचा आणि मावळच्या ग्रामीण भागात बहुतांशी पीएमआरडीएचा मंजूर नकाशा लागतो, सोबत भोगवटा प्रमाणपत्रही. पावसापासून वाचण्यासाठी गच्चीवर घातलेली पत्र्याची शेड, भाड्याने द्यायला वाढवलेली खोली, नंतर खोदलेला पूल, हे नकाशात नसेल तर लगेच डोळ्यांवर येते. काय नियमित होऊ शकते आणि काय पाडावे लागेल, हे वास्तुविशारदाला विचारून ठेवावे.

बँकेला पडदे दिसत नाहीत

ग्राहक कर्ज काढणार असेल, तर घर बघायला आणखी दोघे येतात: बँकेचा वकील आणि मूल्यांकन करणारा. एक कागद बघतो, दुसरा मंजूर बांधकाम मोजतो. वाढीव बांधकामाची किंमत बँक धरत नाही. त्यामुळे चार खोल्यांचा भाव ठरतो आणि कर्ज तीन खोल्यांवर मिळते. फरक रोखीने भरायची ग्राहकाची तयारी नसेल, तर व्यवहार तिथेच थांबतो. हे टाळायचे असेल, तर जाहिरात करण्यापूर्वी एखाद्या मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा अहवाल स्वतःच काढून घ्यावा.

खर्चाचा क्रम

हातात ठरावीक पैसे असतील, तर ते या क्रमाने घालावेत.

१. वकिलाकडून आपल्याच घराचा सर्च रिपोर्ट.
२. बोजा उतरवणे, वारस नोंद, मोजणी, राहिलेल्या सह्या.
३. नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांचा मेळ.
४. उन्हाळ्यात वॉटरप्रूफिंग, पावसाळ्यात त्याची परीक्षा.
५. इंडेक्स टू पाहून ठरवलेला भाव.
६. आणि मग रंग, फर्निचर, फोटो.

पहिल्या तीन कामांना महिने लागतात, म्हणून या दिवाळीत विकायचे असेल तर सुरुवात गेल्या दिवाळीला झालेली बरी. सहावे काम पंधरा दिवसांत होते आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो. म्हणूनच सगळे त्यापासून सुरुवात करतात. कागदांतली एखादी अडचण सुटण्यासारखी नसेल, तर सजावटीवर पैसाच घालू नये. अडचण लेखी सांगून, भाव त्या मानाने ठेवून, ती पचवू शकणारा रोखीचा ग्राहक शोधावा. असा ग्राहक स्वस्तात मागतो हे खरे. पण तो येतो तेव्हा सगळे माहीत असूनच येतो आणि त्याच्याशी ठरलेला व्यवहार सहसा मोडत नाही.